नव्याने रुजू झालेल्या विशेष शिक्षिकेस

एखादा मुलगा ‘मुद्दाम ऐकत नाही’ असा शेरा वहीत लिहिण्यापूर्वी आपण थोडे थांबावे, ही माझी कळकळीची विनंती आहे. गर्भात असताना मद्याचा संपर्क आलेल्या मुलाच्या मेंदूची जडणघडणच वेगळी झालेली असू शकते. काल घडाघडा म्हटलेला पाढा आज त्याला आठवत नाही, यात आळस नसतो. १९७३ मध्ये सिॲटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी गर्भातील मद्यसंपर्कामुळे होणाऱ्या या अवस्थेला ‘फीटल अल्कोहोल सिंड्रोम’ हे नाव दिले. पातळ वरचा ओठ, नाकाखालची सपाट झालेली खाच आणि डोळ्यांच्या आखूड फटी ही त्याची खूण असली, तरी गर्भात मद्याची बाधा झालेल्या एकूण मुलांपैकी बहुतेकांच्या चेहऱ्यावर असे काहीच दिसत नाही.

माझ्या वर्गातील एक मुलगा ‘दप्तर ठेव, हात धू, वही काढ’ असे सांगितल्यावर वाहत्या नळाखाली हात धरून तसाच उभा राही. एका वेळी एकच सूचना, तीही चित्र दाखवून देऊ लागल्यावर तो वही काढू लागला. अशी मुले बोलण्यात चटपटीत असतात, त्यामुळे त्यांना सारे समजले असा आपला समज होतो. म्हणून सांगितलेले करून दाखवायला लावावे. शिक्षेचा उपयोग जवळजवळ होत नाही, कारण कृती आणि परिणाम यांची सांगड त्यांना सहज घालता येत नाही.

आईशी बोलताना दोषारोपाचा सूर कटाक्षाने टाळावा, कारण पहिले काही आठवडे आपण गरोदर आहोत हेच अनेकींना ठाऊक नसते. निदान मात्र आपण करू नये. मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (मुलांच्या विकासातील अडचणी लवकर ओळखून मदत करणाऱ्या सरकारी केंद्रात) किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांकडे पाठवावे आणि सोबत आपली तारीखवार निरीक्षणे द्यावीत.