कोचला नारळ दिला, आता कोण येणार?

ऑक्टोबर संपत आला की माझ्या पेटीत एकाच जातीची पत्रं पडायला लागतात. विद्यापीठाने फुटबॉलच्या हेड कोचला नारळ दिला, आता आमच्या फीचं काय, मुलाच्या जागेचं काय, अमुक तमुक येणार म्हणतात ते खरं का? (फुटबॉल म्हणजे अमेरिकेतला, हेल्मेटवाला.) एका विद्यापीठाच्या कंप्लायन्स कचेरीत मी बरीच वर्षं काढली. खेळाडू, कोच आणि देणगीदार नियम पाळतात की नाही हे बघणारं ते खातं. म्हणून पत्रं माझ्याकडे येतात. तुमचे कागद न बघता दिलेली ही उत्तरं आहेत, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

प्रश्न : मुलगी टेक्सस ए अँड एमला शिकते. जिम्बो फिशरना काढलं तेव्हा साडेसात कोटी डॉलरच्या वर द्यायचं ठरलं. ते आमच्याच फीमधून जातात ना? (ह्यूस्टनहून एक आई)

नाही. पैसे ॲथलेटिक विभाग आणि देणगीदारांचं ट्वेल्थ मॅन फाउंडेशन भरेल, असं विद्यापीठाने तेव्हाच जाहीर केलं होतं. मात्र काही विद्यापीठांत, विशेषतः लहान, ॲथलेटिक फी विद्यार्थ्याच्या बिलात वेगळी लावलेली असते. बिल नीट वाचा आणि शंका असेल तर फीच्या कार्यालयाला विचारा, व्हॉट्सॲप ग्रुपला नको.

बायआउट हा दंड आहे असं निम्म्या पत्रांत लिहिलेलं असतं, तसं ते नाही. फिशरचा करार 2031 पर्यंतचा होता आणि काढलं नोव्हेंबर 2023 मध्ये. उरलेल्या वर्षांचे कबूल केलेले पैसे ते हे. सुमारे 1 कोटी 92 लाख डॉलर 60 दिवसांत आणि मग दरसाल सुमारे 72 लाख. मेख पुढेच आहे. त्यांना दुसरीकडे नोकरी लागली तरी यातला एक डॉलर कमी होत नाही. आता पेन स्टेट बघा. ऑक्टोबर 2025 मध्ये जेम्स फ्रँकलिनना काढलं तेव्हा देणं जवळपास 4 कोटी 90 लाखांचं होतं, पण नव्या नोकरीचा पगार त्यातून वळता करायचा, अशी अट होती. पाचेक आठवड्यांत ते व्हर्जिनिया टेकला लागले आणि प्रकरण 90 लाखांवर मिटलं. एका कलमाने 4 कोटी वाचले. सही करताना ते कलम वाचणारा माणूस खोलीत हवा.

प्रश्न : आणि कोच स्वतःच सोडून गेला तर?

मग तो भरतो, बहुतेक वेळा नव्या मालकाच्या खिशातून. 2007 च्या डिसेंबरात रिच रॉड्रिगेझ वेस्ट व्हर्जिनिया सोडून मिशिगनला गेले. 40 लाखांचा वाद कोर्टात गेला. शेवटी 25 लाख मिशिगनने भरले, 15 लाख त्यांनी.

प्रश्न : कोचने पत्रकार परिषदेत स्वच्छ सांगितलं की मी जाणार नाही. मग तरी विश्वास ठेवायचा ना?

नाही.

2006 च्या 21 डिसेंबरला मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक संघाचे तेव्हाचे कोच निक सेबन म्हणाले, मी अलाबामाचा कोच होणार नाही. 3 जानेवारी 2007 ला झाले. ओक्लाहोमाचे तेव्हाचे कोच लिंकन रायली त्याहून हुशार. 27 नोव्हेंबर 2021 ला म्हणाले, मी एलएसयूचा (लुइझियाना स्टेट विद्यापीठ) पुढचा कोच नाही. दुसऱ्या दिवशी यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) गेले. एलएसयूला गेले नाहीत, हे खरंच.

प्रश्न : अंतरिम कोच कायम होतो का?

कधीकधी. क्लेमसनमध्ये डॅबो स्विनी 2008 साली अंतरिम होते. पुढे त्यांच्या हाताखाली 2016 आणि 2018 च्या हंगामांत क्लेमसन राष्ट्रीय विजेता झाला. एलएसयूचे एड ऑर्जरॉन 2016 मध्ये असेच आले, 2019 च्या हंगामात विजेते झाले आणि 2021 मध्ये बायआउट घेऊन गेले. बाकीचे बहुतेक जानेवारीत सामान बांधतात.

प्रश्न : ताई, मुलगा बारावीला आहे. शाळेत किकर. एका मोठ्या विद्यापीठाच्या स्पेशल टीम्स कोचने (किकर वगैरेंचा कोच) फोनवर ‘तुझी जागा पक्की, प्रेफर्ड वॉक-ऑन म्हणून ये’ (म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय संघात) असं सांगितलं होतं. आता हेड कोच गेला. एका वेबसाइटवर संभाव्य नावांची यादी आहे. पहिल्या नावाची 80 टक्के शक्यता दिली आहे आणि तो माणूस किकरना मान देणारा म्हणतात. तोवर थांबावं का? बाकीच्या दोन ठिकाणी उत्तर द्यायची मुदत जवळ आली आहे. (न्यू जर्सीहून एक बाबा)

थांबू नका. आणि या उत्तराला जागा जास्त लागेल, कारण या एका गोष्टीवरून मी घरीदारी भांडते.

ते 80 टक्के कुठून आले, विचारलंत का? कुणी मोजलेले नाहीत. बाजारात तुरी म्हणतात, ती ही. यादीतलं नाव आलं कुठून, हेही बघा. विद्यापीठाकडून क्वचित येतं. बऱ्याचदा ते एजंटच्या बाजूने सुटतं. जिमी सेक्स्टन नावाचा एकच एजंट सेबन, फिशर आणि लेन किफिन या तिन्ही कोचचा. रिकाम्या खुर्चीशी आपल्या माणसाचं नाव जोडलं की सध्याचं विद्यापीठ घाबरतं. लग्नाच्या बाजारात ‘अमेरिकेहून स्थळ आलंय’ म्हणून पुडी सोडतात ना, तसंच.

2025 ची पेन स्टेटची खुर्ची घ्या. 12 ऑक्टोबरला रिकामी झाली. इंडियानाचे कोच कर्ट सिग्नेटी यांचं नाव घुमलं, तर इंडियानाने चारच दिवसांत त्यांच्याशी 8 वर्षांचा, सुमारे 9 कोटी 30 लाखांचा नवा करार केला. नेब्रास्काचे कोच मॅट रूल पेन स्टेटचेच माजी खेळाडू. नेब्रास्काने ऑक्टोबर संपायच्या आत त्यांचा करार 2032 पर्यंत वाढवला. मग ब्रिगहॅम यंगचे कलानी सिटाके जवळजवळ ठरलेच, अशी बातमी. तेही जागीच राहिले, नव्या करारासह. पहिलं, दुसरं, तिसरं, तिन्ही नावं पेन स्टेटला गेली नाहीत. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आले आयोवा स्टेटचे मॅट कँपबेल. ती यादी रोज वाचणाऱ्याच्या हाती काय लागलं? आणि ज्यांची नावं यादीत होती, त्यांच्या हाती?

यात विद्यापीठाचंही नुकसान झालं. शाळेतल्या खेळाडूंनी विद्यापीठांशी सह्या करायचा पहिला मुहूर्त 3 डिसेंबरला होता. पेन स्टेटच्या हाती त्या दिवशी जेमतेम दोन खेळाडू लागले. बरेचजण फ्रँकलिनच्या मागे व्हर्जिनिया टेकला गेले. दिरंगाईचे पैसे कोच भरत नाही, ॲथलेटिक डायरेक्टरही भरत नाही. शाळेतली पोरं भरतात.

आता तुमचा मुलगा. ‘जागा पक्की’ हे फोनवरचं बोलणं, आणि बोलणारा बहुधा हेड कोचबरोबरच जाणार. नवा हेड कोच आपले सहायक आणतो. त्याचा स्पेशल टीम्स कोच ट्रान्स्फर पोर्टलमधून (विद्यापीठ बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची यादी) कॉलेजात दोन वर्षं किक मारलेला तयार किकर आणतो. त्यात 2025 पासून, महसूल वाटपाच्या (खेळाडूंना कमाईतला वाटा देण्याच्या) तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना फुटबॉलच्या संघात 105 खेळाडूंची मर्यादा आहे. पूर्वी वॉक-ऑन मुलांना ज्या कडेच्या जागा मिळत, त्या आधी कापल्या जातात. पूर्वीचं नॅशनल लेटर ऑफ इंटेंटही (खेळाडूने विद्यापीठाला सही करून दिलेला शब्द) 2024 च्या ऑक्टोबरात रद्द झालं. आज जे काही आहे ते आर्थिक मदतीच्या किंवा महसूल वाटपाच्या करारातच असतं. वॉक-ऑनला बऱ्याचदा तेही नसतं.

म्हणून आजच तीन माणसांशी बोला. शाळेच्या कोचशी, त्या विद्यापीठाच्या कंप्लायन्स कचेरीशी (फोन उचलतात, मी उचलत असे), आणि कागद हाती आलाच तर वकिलाशी. बाकीच्या दोन ठिकाणांची मुदत चुकवू नका. तेलही गेलं नि तूपही गेलं, अशी मुलं मी कचेरीत समोर बसलेली बघितली आहेत. वडिलांचा फोन बाहेर वाजत असायचा. एकाने तर मला त्याच वेबसाइटची छापील प्रत दाखवली होती. नावांखाली पिवळ्या पेनने रेघा होत्या.

‘नव्या स्टाफशी आमची ओळख आहे, मुलाचा व्हिडिओ पोचवतो’ म्हणून पैसे मागणारा कुणी आता तुमच्याकडे येईलच. देऊ नका. व्हिडिओ ईमेलने फुकट जातो.

प्रश्न : ‘आतली बातमी’ देणारं सशुल्क सदस्यत्व घ्यावं का? ते ॲथलेटिक डायरेक्टरच्या खासगी विमानाचा माग काढतात.

विमान उडालं एवढंच त्यावरून कळतं. 2023 च्या नोव्हेंबरात केंटकीचे मार्क स्टूप्स टेक्सस ए अँड एमला निघाले, अशी बातमी एका रात्रीत सगळीकडे झाली. चाहते भडकले, स्टूप्स राहिले आणि ड्यूकहून माइक एल्को आले. ते पैसे मुलाच्या पुस्तकांना द्या.

प्रश्न : मुलगा वॉशिंग्टनला शिकतो. एक कोच बदलला की चार ठिकाणी गोंधळ का होतो? (पुण्याहून)

कारण सगळे एकमेकांचेच कोच उचलतात. तुमच्या मुलाने ते जवळून बघितलं असेल. सेबन 10 जानेवारी 2024 ला निवृत्त झाले. 12 ला अलाबामाने वॉशिंग्टनचे केलन डिबोअर घेतले, जे चार दिवसांपूर्वी राष्ट्रीय अंतिम सामना खेळून आले होते. 14 ला वॉशिंग्टनने ॲरिझोनाचे जेड फिश घेतले, 16 ला ॲरिझोनाने सॅन होजे स्टेटचे ब्रेंट ब्रेनन. मधल्या मधे खेळाडूही हलले. अलाबामात नुकताच दाखल झालेला क्वार्टरबॅक जुलियन सेयिन ओहायो स्टेटला गेला.

कोच बदलल्यावर पोर्टल उघडण्याची मुदत तेव्हा 30 दिवस होती. 2025 मधल्या बदलानंतर नवा कोच आल्याच्या पाचव्या दिवशी ती सुरू होते आणि 15 दिवस राहते. हे नियम वर्षावर्षाला बदलतात. तारीख माझ्या लेखातून घेऊ नका, कंप्लायन्स कचेरीतून घ्या.

प्रश्न : भाचा एफ-1 व्हिसावर आहे, संघात वॉक-ऑन. नव्या कोचचा माणूस म्हणतो, जाहिरातीचे थोडे पैसे मिळवून देऊ, फक्त इथे सही कर.

सही करू नका. एफ-1 वर काम करून पैसे मिळवण्यावर कडक बंधनं आहेत आणि चूक झाली तर परत पाठवतील ते भाच्याला. आधी इमिग्रेशन वकील, मग विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालय. दोघांचं उत्तर लेखी घ्या. कागदाचा फोटो मला पाठवला आहेत तो मी उघडलेला नाही, तो वकिलाला पाठवा.