घर बांधताय? विचारा की! : स्लॅबचं ऊन आणि भिंतीची ओल

प्रश्न : सर, फुलेवाडीला आमच्या घराचं काम चालू आहे, वरचा स्लॅब टाकून झाला. कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय वरनं डांबराची शीट चिकटवू, आतनं थर्माकोल लावून पीओपी करू, विषय संपला. मुलगी म्हणते सगळं इको-फ्रेंडली पाहिजे, मोबाईलवर कॉर्क दाखवते, मेंढीची लोकर दाखवते. आम्ही घ्यायचं काय?
– एक वाचक भगिनी, फुलेवाडी, कोल्हापूर

उत्तर : ताई, मुलीचा हेतू चांगलाय, पण कॉर्क, म्हणजे बाटलीच्या बुचाची ती झाडाची साल, येतो थेट पोर्तुगालकडनं, त्याचं भाडं आणि डिझेल पण हिशोबात धरा. लोकरीची घोंगडी आपल्या पट्टणकोडोलीला झकास होतात, पण ती अंगावर घ्यायला. आपल्या दमट पावसाळ्यात छताला लोकर लावली तर कसर आलीच म्हणून समजा.

आधी पाण्याचं बघा, कारण इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारा थर, कितीही भारी आणलं आणि खाली ओल उतरली की सगळं वाया. बहुतेक स्लॅब गळतात ते उतार नसल्यामुळं आणि कडेच्या सांध्यातनं, केमिकल स्वस्तातलं वापरलं म्हणून नाही. विटांच्या तुकड्यांचा कोबा करून घ्या, उतार शंभराला एक, म्हणजे दहा फुटाला साधारण सव्वा इंच. पॅराफिट आणि स्लॅब जिथं मिळतात तिथं काटकोन ठेवू नका, गवंड्याला वाटा मारायला, म्हणजे कोपरा गोलाकार भरून घ्यायला सांगा, काटकोनात पाणी थांबतं आणि तिथनंच आत शिरतं. पावसाळी पाईपच्या तोंडाभोवती स्वतः उभं राहून काम करून घ्या, संध्याकाळी पाच वाजता घाईत उरकायची ती जागा नव्हे. मग कडेनं बांध घालून दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खाली छताला हात लावून बघा. कोबा चार इंची झाला तर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास वजन वाढतं, म्हणून इंजिनिअरला विचारल्याशिवाय सुरू करू नका.

लेप द्यायचाच असेल तर पाण्यात मिसळणारा सिमेंट-पॉलिमरचा द्या, त्याला थिनरवाल्या डांबरासारखा डोकं उठवणारा वास नसतो. आणि काळी शीट उघडी ठेवली तर ती ऊन पितच राहणार! सगळ्यात वर पांढऱ्या टाईल्सच्या तुकड्यांचा चायना मोझॅक करा. टाईल्सच्या दुकानात फुटका माल पडूनच असतो, फेकण्यापेक्षा तुमच्या गच्चीवर आला तर त्याच्याइतकं इको-फ्रेंडली काय आहे सांगा. तुकडे जवळजवळ बसवायचे, फटी पांढऱ्या सिमेंटनं भरायच्या आणि वर पाणी मारत राहायचं.

आता थर्माकोल. उष्णता अडवण्यात त्याचा हात धरणारं कमी, त्याचा एक इंच जे काम करतो त्याला काँक्रीट तीन फुटाच्या आसपास लागेल. पण आतनं लावला तर स्लॅब दिवसभर तापणारच आणि रात्री ती धग थोडीफार खाली येतच राहणार, म्हणून इन्सुलेशन स्लॅबच्या वर, कोब्याखाली पाहिजे. तिथं साधा थर्माकोल नको, जास्त घनतेचा घ्या किंवा एक्सपीएस (थर्माकोलच्याच जातीची, पण घट्ट फोमची) शीट घ्या, ती पाणी पीत नाही. मात्र एक्सपीएस आणि पीयू (पॉलियुरेथेन) फोम घेताना तो फुगवायला आत कुठला गॅस वापरलाय ते दुकानदाराला विचाराच. पीयू फोममध्ये पूर्वी एचसीएफसी-१४१बी नावाचा गॅस असायचा, ओझोनला मारक, तो भारतात १ जानेवारी २०२० पासून बंद झाला, पण त्याच्या जागी आलेले काही एचएफसी गॅस तापमानवाढीला कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपट जड आहेत. साध्या थर्माकोलमध्ये पेंटेन गॅस असतो, तो ओझोनला काही करत नाही. प्लास्टिकच नको असेल तर जुनी पद्धत आहे, मातीची मडकी पालथी मांडून वर कोबा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत विचारून बघा, ऑर्डर देऊन करून मिळतात का ते. वजनाचा प्रश्न इथं पण आहेच.

प्रश्न : जुना बुधवार पेठेत आमचं दगड-मातीचं घर आहे, २०१९ आणि २०२१ ला पुराचं पाणी आत आलं. नंतर सिमेंटचा गिलावा केला, वर वॉटरप्रूफ पेंट मारला, आता फुगून पापुद्रे निघायला लागलेत.
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दादा, भिंत आतनं ओली आणि वरनं दार बंद, मग पाणी जाणार कुठं? पेंट खरवडा, सिमेंटचा गिलावा काढा, आणि भिंत उन्हाळाभर उघडी राहू द्या, कितीही घाई असली तरी. मग चुन्याचा गिलावा, जमलं तर हिरडा आणि गुळाचं पाणी घालून, गुळाला आपल्याकडं तोटा नाही. चुना ओल बाहेर जाऊ देतो. शिवाय चुन्याची भट्टी ९०० अंशांच्या आसपास चालते आणि सिमेंटची १४५० पर्यंत जाते, तेवढं इंधन वाचलं. चुना विझवताना पाणी उकळतं, पोरांना लांब ठेवा.

प्रश्न : पत्र्याच्या शेडवर उसाचं पाचट टाकलं तर गार राहील का?
– एक शेतकरी वाचक, शिरोळ

उत्तर : राहील हो, पण एक ठिणगी पडली तर शेड जाईल आणि पावसात पाचट कुजून पत्रा गंजेल. त्यापेक्षा मार्चमध्ये पत्रा धुऊन चुन्यात थोडा फेव्हिकॉल घालून दोन हात मारा, पावसाळ्यात धुऊन गेला तर पुढच्या मार्चला परत.