पोस्टाचा सगळ्यात मोठा साहेब नेमका कोण? वाचकांचे प्रश्न, पोस्टातल्या रिटायर माणसाची उत्तरं

भाचा एमपीएससीचा अभ्यास करतोय. एका पुस्तकात लिहिलंय पोस्टाचा प्रमुख म्हणजे सचिव, दुसऱ्यात महासंचालक, आणि शेजारचे काका म्हणतात पोस्टमास्तर जनरल. खरं कोण? – एक वाचक, रत्नागिरी

काकांना सांगा, पोस्टमास्तर जनरल हा आपल्याकडे देशाचा नव्हे, एका रीजनचा, म्हणजे काही जिल्ह्यांच्या पट्ट्याचा साहेब. त्याच्या वर मुख्य पोस्टमास्तर जनरल, तो अख्ख्या सर्कलचा, म्हणजे साधारण एका राज्याचा. हा घोळ होतो कारण अमेरिकेत खरंच पोस्टाच्या प्रमुखालाच पोस्टमास्टर जनरल म्हणतात, आणि पूर्वी ब्रिटनमध्ये तर ते मंत्रिपद होतं.

आता पुस्तकांचं. दोन्ही पुस्तकं तशी बरोबर आहेत, म्हणूनच तर भांडण. टपाल विभाग दळणवळण मंत्रालयाखाली, म्हणजे सगळ्यात वर मंत्री, पण तो राजकारणी माणूस, आज आहे उद्या नाही. त्याच्याखाली सचिव, तोच पोस्टल सर्व्हिसेस बोर्डाचा, म्हणजे खातं चालवणाऱ्या वरच्या मंडळाचा अध्यक्ष, बोर्डावर त्याच्याशिवाय सहा मेंबर. आणि मग महासंचालक, ज्याला आम्ही सगळे नुसतं डीजी म्हणायचो. एकेकाळी सचिव आणि डीजी या दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस असायचा, आता दोन वेगळे असतात. पण 2023 च्या नव्या पोस्ट ऑफिस कायद्याने (लागू झाला 18 जून 2024 ला, त्याआधी चक्क 1898 चा कायदा चालू होता) सरळ लिहून टाकलंय की इंडिया पोस्टचा प्रमुख महासंचालक. भाच्याला सांगा, प्रश्नात कायदा असेल तर डीजी, खातं असेल तर सचिव.

हा डीजी दिवसभर करतो काय? पत्रं तर पोस्टमन वाटतो. – एक वाचक, सातारा

खोचक विचारलंत पण प्रश्न चांगला आहे.

हे पद तयार कसं झालं ते बघा, म्हणजे कळेल. 1854 च्या आधी मुंबई, मद्रास, बंगाल सगळ्यांचं पोस्ट वेगवेगळं आणि भाडं अंतरावर, 1837 च्या कायद्यात कलकत्त्याहून मुंबईला एक तोळ्याचं पत्र पाठवायला रुपया पडायचा. त्या काळचा रुपया! 1 ऑक्टोबर 1854 पासून सगळं एका डायरेक्टर जनरलच्या हाताखाली आणलं आणि पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला देशात कुठेही अर्धा आणा. पहिला डीजी रिडेल नावाचा इंग्रज. म्हणजे हे पद जन्माला आलं तेच मुळी दर आणि नियम सगळीकडे एकच ठेवायला, आणि आजही मुख्य काम तेच. सेवेचे दर किती, तिकिटं न् कार्डं विकायची कशी, टपाल कधी कसं पोचवायचं, ही रेग्युलेशन्स काढायचा अधिकार नव्या कायद्यात डीजीला आहे. सुमारे 1 लाख 64 हजार पोस्टं आहेत देशात, त्यातली 90 टक्क्यांच्या आसपास खेड्यात, दिल्लीत एक ओळ बदलली की तेवढ्या ठिकाणी काउंटरवरचा माणूस दुसऱ्या दिवशी वेगळं वागतो. गंमत म्हणजे साधं पोस्टकार्ड कित्येक वर्षं 50 पैशालाच आहे, त्यावर खात्याला सरळ तोटा, पण ते महाग करायला कोणी धजावत नाही.

आणि खरं सांगू का, वरच्या खुर्चीपेक्षा बाजूच्या खुर्चीतल्या माणसानेही मोठं काम केलेलं असतं. पिनकोड घ्या. 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर, आपला मराठी माणूस, संस्कृतात कविता नि नाटकं लिहिणारा. ते डीजी नव्हते, तेव्हाच्या पोस्ट-तार बोर्डावरचे मोठे अधिकारी होते. एकाच नावाची पन्नास गावं, पत्ता कुणी बंगालीत लिहिलेला कुणी तमिळमध्ये, सॉर्टिंगला बसलेल्याने करायचं काय? वेलणकरांनी सहा आकडे दिले. पहिला आकडा विभागाचा, 4 म्हटलं की महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड. पहिले तीन मिळून सॉर्टिंगचा जिल्हा, शेवटचे तीन म्हणजे वाटप करणारं पोस्ट. मी सॉर्टिंगला असताना पत्ता वाचायचोच नाही, खालचे आकडे बघितले की हात आपोआप त्या खणाकडे. अक्षर डॉक्टरचं असलं तरी चालायचं.

आमच्या कोल्हापूरच्या पोस्टाचा साहेब पणजीला बसतो असं ऐकलं, खरं का? – एक वाचक, कोल्हापूर

खरं. महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवाही येतं आणि गोवा रीजनमध्ये तुम्ही, सांगली, रत्नागिरी, सिंधुदुर्ग. राज्याची हद्द आणि पोस्टाची हद्द एक असायलाच पाहिजे असं काही नाही.

ट्रम्प पोस्टमास्टर जनरलला काढू शकतात का? इथे ऑफिसात रोज वाद. – एक वाचक, न्यू जर्सी

सरळ नाही. 1775 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन पहिला झाला, पुढे बराच काळ हे पद कॅबिनेटमध्ये होतं आणि पक्षाची माणसं चिकटवायची हक्काची जागा होती. 1970 च्या कायद्याने ते मोडलं. आता प्रमुखाला बोर्ड ऑफ गव्हर्नर्स नेमतं आणि तेच काढतं, त्या नऊ गव्हर्नरांना मात्र राष्ट्राध्यक्ष नेमतो, सिनेटची मंजुरी घेऊन. म्हणजे हात लांबून पोचतो, पण पोचतो. वादात तुम्ही दोघेही अर्धे जिंकलात.

पार्सल हरवलं तर थेट डीजींनाच पत्र लिहिलं तर लवकर काम होतं का हो? – एक वाचक, नाशिक

लिहा, बंदी नाही. पण ते पत्र फिरत फिरत तुमच्याच डिव्हिजनच्या प्रवर अधीक्षकाकडे, म्हणजे तुमच्या भागातल्या पोस्टांच्या साहेबाकडे येणार आणि तो तुमच्याच पोस्टमास्तरला विचारणार, मधले दिवस फुकट. मी स्वतः अशी दिल्लीहून खाली उतरलेली पत्रं हाताळलीत, वर इतके शिक्के नि सह्या असायच्या की मूळ तक्रार शोधावी लागायची.

त्यापेक्षा आधी काउंटरवर, मग ऑनलाइन, मग डाक अदालत, म्हणजे तक्रारी ऐकायची पोस्टाची बैठक, सर्कल न् रीजन पातळीवर ती भरते, तिथे साहेब समोर बसलेला असतो. भरपाईची मोठी आशा ठेवू नका. हरवलं, उशीर झाला तर जबाबदारी ठरवून दिलेली तेवढीच, हे 1898 च्या कायद्यात होतं आणि नव्यातही आहे, मला विचाराल तर हे बदलायला हवं होतं. आणि पावती! तेरा अक्षर-आकड्यांचा नंबर असतो तिच्यावर, दोन महिन्यांत शाई उडून कोरी होते, तेव्हा घरी येताच फोटो काढून ठेवा. नंबर नसेल तर डीजी काय नि पोस्टमन काय, दोघेही तुम्हाला हेच विचारणार, "पावती आहे का?"