गाऱ्हाणं येत असेल तर टोस्टही येतो

तुमची अडचण समजली. मे महिन्यात गावच्या शाळेचा शतक महोत्सव आहे आणि आभारप्रदर्शन तुमच्या गळ्यात पडलंय. पुढच्याच आठवड्यात भाचीचं लग्न, वेंगुर्ल्यात, ख्रिस्ती घरात. तिथे मामा म्हणून टोस्ट द्यायचाय, म्हणजे नवराबायकोच्या सुखासाठी दोन शब्द बोलून ग्लास उंचवायचाय. तुम्ही विचारलंत, दोन्हीकडे काय बोलू आणि किती बोलू.

मी ३१ वर्षं शाळेत शिकवलं, नंतर वाचनालयाची कार्यवाह झाले. एवढ्या काळात "बाई, आभार तेवढे तुम्ही माना" हे वाक्य किती वेळा ऐकलं त्याला गणती नाही. आपल्याकडे प्रास्ताविक अध्यक्षांच्या मर्जीतल्या माणसाला मिळतं, परिचय ज्याला पाहुण्यांशी ओळख मिरवायची असते त्याला, आणि आभार उरेल त्याला. तोवर वाजलेले असतात साडेनऊ. अध्यक्षीय भाषण लांबलेलं, मागच्या रांगा चपला शोधायला लागलेल्या, स्वयंपाकाकडून वड्यांचा वास यायला लागलेला. अशा वेळी माइक हातात येतो. त्यामुळे पहिली गोष्ट, तीन मिनिटांच्या वर जाऊ नका. माझ्या वाचायच्या वेगाने फुलस्केपची एक बाजू म्हणजे साधारण दोन मिनिटं. दुसरी बाजू कोरी ठेवा.

आता यादीबद्दल, कारण सगळं रामायण तिथेच घडतं.

वाचनालयाच्या एका वर्धापनदिनाला मी ४१ नावांची यादी केली होती. देणगीदार, सरपंच, पाहुणे, मंडपवाले, पत्रकार, कोणीही सुटू नये म्हणून तीनदा तपासली. पाहुण्यांचं भाषण चालू असताना वीज गेली. अंधारात बाया-माणसं बसून राहिली, आणि आमच्याच वाडीतला एक मुलगा सायकल काढून दोन वाड्या पलीकडे गेला, जनरेटरवाल्याला झोपेतून उठवून घेऊन आला. पंचवीस मिनिटांत उजेड. मी आभाराला उभी राहिले आणि कागदावरची ४१ नावं वाचून खाली बसले. तो मुलगा माझ्यासमोरच खुर्च्या एकावर एक रचत होता. कागदावर त्याचं नाव असणार कुठून, कागद दुपारी लिहिलेला. दोन दिवसांनी बाजारात त्याची आई बांगडे मांडून बसली होती. मी भाव विचारला तर म्हणाली, "बाईनू, आमचो झील दिसाक नाय तुमका?" पुढे काही नाही. मासे बांधून दिले, दोन जास्तीच घातले. ते दोन बांगडे मला अजून पचलेले नाहीत.

तेव्हापासून मी कागदाच्या खाली चार ओळी मोकळ्या ठेवते आणि कार्यक्रम चालू असताना मागे बसते. पुढे बसून काही दिसत नाही. मागे बसलं की कळतं, पाण्याचे पेले कोण फिरवतंय, रडणारं पोर घेऊन कोण बाहेर गेलंय, लाऊडस्पीकरच्या शिट्टीला कोण धावतंय. त्या चार ओळींत जे लिहिलं जातं तेच तुमचं आभाराचं भाषण. बाकीची यादी म्हणजे हजेरीपट.

आणि हजेरीपट घ्यायचाच असेल तर मानपान सांभाळा. बारा-पाचाच्या मानकऱ्यांची, म्हणजे देवळातल्या मानाच्या घराण्यांची, सवय असलेला आपला प्रदेश; देवळात नारळ आधी कोणाच्या हातात जातो यावरून पिढ्या बोलत नाहीत, तर माइकवरून नाव आधी कोणाचं याला काय कमी धार? शतक महोत्सवात तर दोन समित्या असणारच, एक गावची आणि एक मुंबईची. मुंबईकर मंडळाने पैसे उभे केलेले असतात, गाववाल्यांनी चिरे वाहिलेले असतात, आणि दोघांनाही वाटत असतं की खरं काम आपणच केलं. इथे व्यक्तींची नावं घेऊन रांग लावू नका. कामाची नावं घ्या. "ज्यांनी छपराचे पैसे दिले आणि ज्यांनी छपरावर चढून कौलं लावली" असं एका वाक्यात दोघांना बसवा, म्हणजे आधी कोण आणि नंतर कोण हा प्रश्न उरत नाही. देणगीचे आकडे अजिबात वाचू नका. ते फलकावर जातील. एकदा एका गावात ५१ हजारांच्या लगोलग ५०१ रुपये मोठ्याने वाचलेले मी ऐकलेत. ५०१ वाल्या आजी पदराने तोंड पुसत बसल्या होत्या. त्यांच्या पेन्शनीतून ते किती होते हे वाचणाऱ्याला काय माहीत.

काही वाक्यं कृपा करून घरी ठेवा. "वेळात वेळ काढून", "आपला अमूल्य वेळ", "ज्ञात-अज्ञात हात". आणि ते सगळ्यांत लाडकं, "मी आपले आभार मानणार नाही, मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो." हे पहिल्यांदा ज्याने म्हटलं त्याला सुचलं असेल, आता ते ऐकलं की लोक उठायला लागतात. कोकणात शंभरी ओलांडलेल्या संस्थांना तोटा नाही, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालचं. इथल्या लोकांनी आभाराची भाषणं इतकी ऐकलीत की तुमचं पुढचं वाक्य ते तुमच्या आधी म्हणून दाखवतील. आणखी एक मोह म्हणजे वक्तृत्वाचा. बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून सलग तीनदा राजापूरचे खासदार म्हणून निवडून आले. त्यांची भाषणं ऐकलेली माणसं अजून भेटतात आणि आपल्याकडच्या प्रत्येकाला माइक दिसला की थोडं नाथ पै व्हावंसं वाटतं. व्हावं, पण आभाराच्या वेळी नाही.

मला विचाराल तर आपल्या अवघडण्याचं कारण वेगळंच आहे. आपल्या घरात कोणी कोणाचे आभार मानतच नाही. शेजारणीने फणसाची भाजी पाठवली तर आपण "धन्यवाद" म्हणत नाही, डबा रिकामा परत करत नाही एवढंच. माझ्या चुलतबहिणीला मी एकदा फोनवर "आभारी आहे गं" म्हटलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, "माजा काय चुकला काय?" आभार म्हणजे परकेपणा, असं आपल्या कानाला लागतं. म्हणून स्टेजवर गेलो की आपण लगेच छापील मराठीत शिरतो. त्यातून सुटायचा एक उपाय मला सापडलाय. "आभार मानतो" च्या ऐवजी काय पाहिलं ते सांगायचं. "काल रात्री अकरा वाजता मी शाळेवरून गेलो, तेव्हा तीन जण अजून पताका बांधत होते." एवढंच म्हणा आणि थांबा. लोक टाळ्या वाजवतात, त्या तिघांना कळतं, आणि आभार हा शब्दही लागत नाही.

आता टोस्ट. तुम्ही लिहिलंत की हे आपल्याला परकं आहे. मला तसं वाटत नाही.

गणपती विसर्जनाला निघताना घरातला म्हातारा टोपी घालून, हात जोडून उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो, म्हणजे सगळ्यांच्या वतीने देवाला विनवतो, तो क्षण आठवा. आमचे मोठे काका म्हणायचे, "बा गणपती म्हाराजा, आज सगळी पोराटोरा तुज्या पायाशी जमली हत. जा काय केला ता गोड मानून घी. चुकला-माकला पदरात घी. चाकरमानी परत जातले, तेंका सुखरूप पोचव, आनि फुडच्या वर्सा असाच सगळ्यांका एकत्र हाड." आणि आम्ही सगळे, अगदी तोंडात मोदक असलेली पोरंसुद्धा, "व्हय म्हाराजा!" आधी हाक, मग आज का जमलो, मग चुकीची कबुली, मग एक मागणं, आणि शेवटी सगळ्यांचा एका आवाजात होकार. मिनिटभरात आटपतं. टोस्ट ह्याहून वेगळा नाही. हाक देवाला नसून नवराबायकोला, आणि "व्हय म्हाराजा" च्या जागी ग्लास वर. पेयाचं म्हणाल तर राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, राखण देताना आपल्याकडेही कोंबड्याबरोबर दारूचा मान असतोच, तेव्हा नाकं मुरडायचं कारण नाही. शब्दाची गंमत सांगायची तर सतराव्या शतकातल्या इंग्लंडात दारूत मसाला लावून भाजलेल्या पावाचा तुकडा टाकायचे, त्यावरून ज्याच्या नावाने प्यायचं तोच टोस्ट झाला. म्हणजे मुळात पावच.

रिसेप्शनला काय होतं ते सांगते. बँड थांबतो, केक कापून होतो, आणि सूत्रसंचालक तुमचं नाव घेतो. वाइनचे छोटे ग्लास तोवर वाटून झालेले असतात. तुम्ही पीत नसाल तर कोकम सरबत घ्या, मी तेच घेते, रंगही शोभतो. कोणी काही म्हणत नाही. बोलताना ग्लास हातात धरून ठेवू नका, टेबलावर ठेवा. हात थरथरतो तो ग्लासात दिसतो. शेवटच्या वाक्याला उचला, डोळ्यांच्या उंचीपर्यंत, आणि एकच घोट. समोरच्याशी टिणटिण करायलाच हवं असं नाही, मोठ्या हॉलमध्ये ते जमतही नाही. ज्यांच्यासाठी टोस्ट आहे ते दोघे उभे राहत नाहीत आणि स्वतःच्या नावाने पीत नाहीत. बाकी सगळे उभे. (ब्रिटिश नौदलात मात्र राजासाठीचा टोस्ट बसूनच घेतात. जुन्या जहाजांची छतं इतकी बुटकी की उभं राहिलं तर डोकं आपटायचं, असं त्याचं कारण सांगतात. आमच्याकडच्या माळ्यावर जेवण वाढताना मला हे नेहमी आठवतं.) मग बहुतेक ठिकाणी एक इंग्रजी गाणं आणि "हिप हिप हुर्रे" होतं, त्यात मिसळून जा. नंतर नवरा मुलगा उत्तरादाखल दोन शब्द बोलतो. तोवर तुम्ही खाली बसलेले असायला हवे.

काय बोलायचं? भाचीची एकच आठवण. एकच. माझ्या मैत्रिणीच्या मुलीच्या लग्नात मला असंच उभं केलं होतं. ती माझी विद्यार्थिनी. मी म्हटलं, "ही चौथीत असताना डब्यात रोज एक भाकरी जास्त आणायची. मी विचारलं, तुला एवढी भूक लागते? तर म्हणाली, बाई, कोण तरी डबा विसरताच. जावईबापू, तुमच्या घरात आता कोणी उपाशी राहायचं नाही." आणि ग्लास उचलून, "दोघांच्या सुखासाठी!" झालं. चाळीस सेकंद लागली असतील. मुलाच्या आजीला सगळ्यांत जास्त आवडलं, कारण भाकरीचं वाक्य मालवणीत होतं. मी ज्या ज्या ख्रिस्ती घरांत गेले तिथे म्हातारी माणसं घरात आपल्यासारखंच बोलतात आणि लग्नात मात्र सगळे इंग्रजीत भाषणं ठोकतात. तुम्ही निदान एक वाक्य तिच्या सासूच्या बोलीत बोला.

काय टाळायचं ते तुम्हाला माहीतच असेल, तरी सांगते. दारूवरचे विनोद, सासूवरचे विनोद, "आमच्या वेळी". भाचीने धर्माबाहेर लग्न केलं याचा उल्लेख, कौतुक म्हणूनसुद्धा, नको. त्या दिवशी तिथे ती फक्त नवरी आहे. निवृत्ती समारंभाचं किंवा शाल-श्रीफळ मिळाल्यावरच्या उत्तराचंही तुम्ही विचारलंय. तिथेही हेच लागू, फक्त स्वतःच्या गुणांची यादी आधीच्या वक्त्यांनी वाचलेली असते, ती दुरुस्त करत बसू नका.

सराव आरशासमोर करू नका, तिथे माणूस चेहरा बघत बसतो. मी विहिरीवर जाऊन मोठ्याने म्हणायची. पहिलं आणि शेवटचं वाक्य पाठ, मधलं आठवेल तसं. शेवटचं वाक्य पाठ नसेल तर माणसाला थांबता येत नाही, आणि मग "शेवटी एवढंच सांगतो" तीनदा होतं.

आणि माइक खाली ठेवायच्या आधी बंद करा. बटण नसेल तर माइकवाल्याच्या हातात द्या, टेबलावर नको. वर सांगितलेल्या त्या ४१ नावांनंतर मी माइक टेबलावर ठेवला, खुर्चीत बसले आणि शेजारच्या बाईंना म्हटलं, "सुटले गो एकदाची." अख्ख्या वाडीने ऐकलं.