शरीरातल्या पेशी एकमेकींना चिकटून राहतात कशा, मध्ये काही डिंक असतो का?

डिंक नसतो, पेशीच्या पडद्यातून बाहेर डोकावणारी प्रोटीनंच एकमेकांना धरून ठेवतात. शेजारणीला धरायला कॅडहेरिन आणि खालच्या कोलॅजन वगैरेच्या जाळीला धरायला इंटेग्रिन. कॅडहेरिनला कॅल्शियम लागतंच, मी इथे नाशिकला बायोटेकच्या पोरांची प्रॅक्टिकल घेतो, तिथे डिशमधल्या पेशी सुट्या करायला ट्रिप्सिनसोबत (हे प्रोटीनं कापणारं एन्झाइम) ईडीटीए नावाचं रसायन टाकतो, ईडीटीए कॅल्शियम ओढून घेतं, पकड सुटते आणि पेशी गोल गोल होऊन तरंगायला लागतात, बघायला मजा येते. इंटेग्रिन म्हणजे नुसता हूक नाही हां, बाहेर पकड बसली की आत निरोप जातो की जग, वाढ, आणि तो निरोप तुटला तर बऱ्याच पेशी चक्क मरतात. शेजारणीशी थेट देवाणघेवाण गॅप जंक्शनमधून, म्हणजे दोन पेशींना जोडणारी बारीक नळी, त्यातून आयन आणि साधारण १००० डाल्टनपर्यंतचे (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक) छोटे रेणू जातात, हृदयाचे स्नायू सगळे एकाच वेळी आकसतात ते यामुळेच. फक्त हे प्राण्यांचं झालं. आपल्या द्राक्षात पेशींमध्ये खरंच डिंकासारखं पेक्टिन असतं, मणी पिकून मऊ पडतो तो बराचसा ते सैल पडल्यामुळे.