सामुदायिक रेडिओच्या प्लेलिस्टचं वेळापत्रक आणि लॉग ठेवणारं वेब टूल बनवायचं आहे. सध्या सगळं एक्सेलमध्ये चालतं. डेटाबेस कसा आखावा आणि गोंधळ नेमका कुठे होतो?

आधी एक गोष्ट ठरवून टाका: गाणी हवेत सोडणारा भाग स्वतः लिहायचा नाही. ते काम लिब्रेटाइम, रिव्हेंडेल, रेडिओडीजे ही मोफत मिळणारी सॉफ्टवेअरं चोख करतात. तुमचं टूल बंद पडलं तरी प्रसारण चालू राहिलं पाहिजे. लिब्रेटाइममध्ये स्वतःचं कॅलेंडरही आहे, तेव्हा ते महिनाभर वापरून बघा. कदाचित तुम्हाला फक्त अहवालांचा भाग लिहावा लागेल.

डेटाबेसमध्ये 'काय ठरलं होतं' आणि 'प्रत्यक्ष काय वाजलं' ही दोन वेगळी टेबलं हवीत. एक्सेलची सवय असली की एकाच ओळीत 'वाजलं: हो/नाही' असा कॉलम घालण्याचा मोह होतो. पण निवेदकाने ऐन वेळी गाणं बदललं, मध्येच कापलं, पाहुणे दहा मिनिटं जास्त बोलले, यातलं काहीच त्या कॉलममध्ये मावत नाही. वाजलेल्याच्या टेबलात फक्त भर पडते, जुनी ओळ कुणी बदलायची नाही. दुरुस्ती करायची तर नवी ओळ घालायची आणि तिच्यात कोणी, केव्हा, का हे लिहायचं. जाहिरातदाराने बिलावर हरकत घेतली की हेच टेबल कामी येतं.

त्या ओळीत सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळ, फाइलचा आयडी, स्रोत (ऑटोमेशन म्हणजे सॉफ्टवेअरने आपोआप वाजवलेलं, माइक की दुसऱ्या केंद्राचा रिले) आणि ठरलेल्या ओळीचा आयडी ठेवा. हा शेवटचा रिकामा असू शकतो. शीर्षक आणि गायक यांची त्या क्षणीची प्रतही तिथेच ठेवा, कारण लायब्ररीतली नावं नंतर कुणीतरी सुधारतंच. लांबी मिलिसेकंदांत आणि प्रत्यक्ष वाजली तेवढीच लिहा. फाइल ५:१२ ची असली तरी शेवट आधी कापलेला आणि पुढचं गाणं त्यावर चढलेलं असेल, तर ती ४:५८ च वाजते. फाइलींच्या लांबीची बेरीज करून तास आखला की तो कधीच जुळत नाही.

सगळ्यात जास्त घोळ वेळेचा. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) ठेवा, पण तास किंवा दिवस पाडताना आधी भारतीय वेळेत आणा. आपला फरक साडेपाच तासांचा आहे. त्यामुळे यूटीसीवर तास पाडले की आपल्या ८.३० ते ९.३० चा एक 'तास' तयार होतो आणि ताशी जाहिरातींचा हिशेब सरळ चुकतो. दिवसाचंही तेच. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आपली पहाटेची साडेपाच, म्हणून पाचला सुरू होणाऱ्या केंद्राचा पहिला अर्धा तास आदल्या दिवसाच्या अहवालात जाऊन बसतो.

जाहिरातींची मर्यादा कोडमध्ये कोरू नका. सामुदायिक रेडिओला ती आधी ताशी ५ मिनिटं होती, मग ७ झाली आणि २०२४ मध्ये १२. 'कधीपासून लागू' या तारखेसह ती सेटिंगच्या टेबलात ठेवा, नाहीतर जुन्या महिन्यांचे अहवाल नव्या नियमाने निघतील. तासाच्या सीमेवरची जाहिरात तोडून मोजा: ८:५९:४० ला सुरू झालेल्या ३० सेकंदांतले २० आठच्या तासात, १० नऊच्या. आणि तपासणी दोनदा करा, आखताना आणि वाजल्यावर. ८.५० चा ब्रेक घसरून नऊनंतर गेला की आराखडा नियमात असूनही नऊचा तास फुगतो.

कार्यक्रम एकमेकांवर चढू नयेत ही जबाबदारी पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसवरच टाका. कालावधी रेंजमध्ये (सुरुवात आणि शेवट एकत्र असलेल्या कॉलममध्ये) ठेवून त्यावर एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट, म्हणजे एकमेकांवर चढणारी नोंद नाकारणारा नियम, लावला की दोन जणांनी एकाच वेळी सेव्ह दाबलं तरी चालतं. रेंजचं शेवटचं टोक उघडं ठेवा (शेवटचा क्षण त्यात धरू नका), नाहीतर नऊला संपणारा आणि नऊला सुरू होणारा भांडतात. आकाशवाणीच्या सकाळी ७.१० च्या प्रादेशिक बातम्या रिले करत असाल, तर ती नोंद 'घड्याळावर बांधलेली', म्हणजे ठरल्या क्षणीच सुरू होणारी, म्हणून वेगळी हवी. तिच्या आधीच्या जागेत एखादी शब्दविरहित धून ठेवा, ती कुठेही कापली तरी कानाला खटकत नाही.

गाण्यांच्या फिरतीत एक गणित हमखास चुकतं. एका गटात ४८ गाणी आहेत, तासाला ४ वाजतात आणि प्रसारण १२ तासांचं आहे. म्हणजे दिवसाला बरोबर ४८, आणि मग तेच गाणं रोज त्याच वेळी! ४७ किंवा ५३ ठेवा. 'एका गायकाचं गाणं तासाभरात पुन्हा नको' हा नियम जुन्या मराठी गाण्यांवर कडक लावून बघा. लता-आशा इतक्या ठिकाणी आहेत की जागा रिकाम्या राहायला लागतात. म्हणून नियम ढिले करण्याचा क्रम आधीच ठरवा: आधी चित्रपट, मग संगीतकार, मग गायक, आणि तेच गाणं पुन्हा हे सगळ्यात शेवटी. द्वंद्वगीतांसाठी गायकांचं जोडटेबल (गाणं आणि गायक यांची एकेक जोडी एका ओळीत) हवं, 'गायक १, गायक २' असे कॉलम नकोत.

नावं देवनागरीत असतील तर सेव्ह करताना युनिकोड एनएफसीत (एकच अक्षर एकाच ठरावीक रूपात साठवण्याच्या पद्धतीत) आणा. तरीही 'वाऱ्या' हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो, ऱ वापरून किंवा साध्या र ला झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. एनएफसी हा फरक मिटवत नाही. शोधासाठी वेगळा कॉलम करून त्यात दोन्ही एकसारखे करा, नाहीतर एकच गाणं लायब्ररीत दोनदा येतं आणि वेगळं समजून तासाभरात दोनदा वाजतं.

लॉग भरताना लिक्विडसोप (लिब्रेटाइमच्या आत प्रसारण चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर मेटाडेटा, म्हणजे चालू गाण्याची माहिती, बदलल्याच्या घटनेवर आधी त्याच मशीनवरच्या फाइलमध्ये ओळ लिहा, मग ती सर्व्हरकडे पाठवा. नेट गेलं तरी नोंद हरवत नाही. एकाच गाण्याची घटना कधी दोनदा येते, म्हणून दुरुस्तीच्या ओळी सोडून फाइल आयडी आणि सुरुवातीची वेळ मिळून युनिक ठेवा. रेडिओडीजे विंडोजवर चालतं आणि वाजलेलं आपल्या मायएसक्यूएल डेटाबेसमधल्या हिस्टरी टेबलात लिहितं. तिथे फक्त वाचायची परवानगी असलेला वेगळा युजर काढा.

निवेदकाने मोबाइलवरून वाजवलेलं गाणं मात्र कुठलंच सॉफ्टवेअर पकडत नाही. त्यासाठी स्टुडिओच्या स्क्रीनवर एक मोठं बटण आणि एकच खाना द्या. पाच खान्यांचा फॉर्म दिलात तर कोणी भरणार नाही.

प्रसारित झालेले कार्यक्रम ३ महिने जपून ठेवायची अट तुमच्या परवान्यात आहेच. रेकॉर्डिंग मिक्सरवरून घेऊ नका, एफएम ट्यूनरवरून घ्या, म्हणजे ट्रान्समीटर बंद पडलेलाही कळतो. एफएफएमपेग या मोफत ऑडिओ-व्हिडिओ टूलने घड्याळाच्या तासाला फाइल तोडा. ६४ केबीपीएसला तासाला सुमारे २९ एमबी, २४ तासांप्रमाणे ९० दिवसांचे साधारण ६२ जीबी. लॉगच्या प्रत्येक ओळीसमोर त्या मिनिटाचं रेकॉर्डिंग वाजवणारी लिंक द्या. मूळ नियोजनापेक्षा लोक हीच सोय जास्त वापरतात.

हिशेबनीसाला सीएसव्ही देताना फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चा बीओएम (फाइल कोणत्या लिपीसंकेतात आहे हे सांगणारी खूण) घाला, नाहीतर एक्सेलमध्ये मराठीऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. आणि बांधणीला लागाल तेव्हा आधी लॉग करा, नियोजन नंतर. महिनाभराचा खरा लॉग हाताशी असला की कुठला कार्यक्रम रोज किती लांबतो ते आकड्यात दिसतं आणि वेळापत्रकात तेवढी जागा सोडता येते.