रेवस ते रेडी: पहिल्यांदा जाताय तर

आठ दिवस, स्वतःची गाडी, कोकणातला किनाऱ्याचा रस्ता. बेत झकास आहे! रस्त्याची फार काळजी करू नका. नवख्यांची दमछाक होते ती कपड्यांपायी.

तीन जोड पुरतात. जीन्स मात्र घरीच ठेवा, दमट हवेत ती वाळता वाळत नाही. मुक्कामी पोचलात की चहाच्या आधी धुणं उरका. पिळलेले कपडे कोरड्या पंचात गुंडाळायचे, दोघांनी दोन टोकं धरून पुन्हा पीळ द्यायचा आणि रात्रभर पंख्याखाली टाकायचे. दोरी, चिमटे घरूनच न्या. तरी ओलं राहिलंच तर मागच्या सीटवर पसरा, लाजायचं काय त्यात?

बाकी नेहमीच्या चुका:

- गाडी वाळूत घालणं. चाक रुतलं की ट्रॅक्टर शोधत बसाल.
- जेवणाचं आयत्या वेळी सांगणं. घरगुती मुक्कामी दुपारीच फोन करा, नाहीतर मासे विसरा.
- सुटे पैसे नसणं.
- किलोमीटर मोजून दिवस आखणं. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या आहेत. सुट्टीच्या दिवशी रांग लागते. एका दिवसात दोन खाड्या म्हणजे डोक्यावरून पाणी.

बोटीत काचा लावून एसीत बसू नका हो. हँडब्रेक ओढा, उतरा, कठड्याशी उभे राहा.

बाकी घाटवाटा, आडरस्ते पुढच्या खेपेला. हर्णैचा मासळी लिलाव तेवढा संध्याकाळी बघा, पण पायात रबरी चप्पल घालून जा.